हॅम्पच्या बंदुकीचं तेल

ओर्लीना उठून उभी राहिली तेव्हा मला वाटलं, ती प्रार्थना मागायला उठली आहे. तिच्या नवऱ्याला मातीत ठेवून आठवडाही झाला नव्हता. शनिवारची बैठक होती. बकआयच्या खोऱ्यातली आमची सगळी मंडळी प्रार्थनाघरात जमली होती, बायका एका बाजूच्या बाकांवर आणि पुरुष दुसऱ्या. पाळक रूबेनभाऊंनी नेहमीचा प्रश्न विचारला, "कोणाच्या मनात कोणाविषयी काही सल असेल तर आजच बोलावं. पुढच्या रविवारी एकमेकांचे पाय धुवायचे आहेत, मनात सल ठेवून ते करता येत नाही."

"माझ्या मनात आहे," ओर्लीना म्हणाली. "डोशियाबहिणीविषयी."

डोशिया म्हणजे मी. ओर्लीना माझी धाकटी जाऊ. माझे यजमान लिएंडर आणि तिचा हॅम्प हे सख्खे भाऊ.

"हिच्या तेलानं माझा नवरा गेला," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "अस्वल समोर होतं, हॅम्पनं चाप ओढला, आणि बंदुकीचा घोडा नुसता सरपटत खाली आला. दारू पेटवणारी टोपी फुटलीच नाही. दोन्ही भावांचं कातड्यावरून भांडण होतं, म्हणून हिनं मुद्दाम तळाचं, थिजणारं तेल पाठवलं."

पुरुषांच्या बाजूला वॉशकाकांना कमी ऐकू येतं, त्यांनी शेजाऱ्याला मोठ्यानं विचारलं, "काय म्हणते? तेल कमी पडलं?"

आमच्या खोऱ्यात ठासणीच्या बंदुकीला दुसरं तेल चालत नाही, अस्वलाचंच लागतं. गोळीभोवतीची चिंधी त्यात भिजवायची, नळी त्यानंच पुसायची, घोड्याच्या कळीत त्याचाच थेंब सोडायचा. माझ्या सासूनं मला ते कढवायला शिकवलं आणि ती गेल्यापासून सगळ्यांची तेल ठेवायची शिंगं मीच भरते. त्याचं कोणी काही देत नाही, मी घेतही नाही. कढवलेली चरबी झऱ्यावरच्या थंड खोलीत राहू दिली की जड भाग खाली बसतो आणि वर निवळ येते. ती बंदुकीची. खालचं स्वयंपाकाला आणि साबणाला. हॅम्पला मी निवळच पाठवली होती. भांडण पुरुषांचं होतं. गेल्या वर्षी एका अस्वलाला दोघांच्याही गोळ्या लागल्या, आणि रिवाजानं कातडं पहिल्या गोळीच्या मालकाचं. आणि पहिली गोळी आपली, असं दोघंही म्हणत होते. कातडं लिएंडरकडे राहिलं. हॅम्पनं त्यानंतर आमच्या दोन घरांमधला ओढा ओलांडला नाही.

"डोशियाबहीण," रूबेनभाऊ म्हणाले, "तुमचं काय म्हणणं आहे?"

"मी निवळच दिली होती, भाऊ."

"ती असंच म्हणणार," ओर्लीना म्हणाली. "माझं एक मागणं आहे. त्या अस्वलाला दुसऱ्या दिवशी लिएंडरभाऊजींनी मारलं. त्याची चरबी यांच्या झऱ्याच्या खोलीत टांगलेली आहे. ती यांनी माझ्या अंगणात, माझ्या हंड्यात, माझ्या डोळ्यांदेखत कढवावी. काय करतात ते मला बघायचंय. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

कोणीतरी बाई "अगं, त्याच अस्वलाची?" असं पुटपुटली. मी हो म्हटलं. दोघींचा निकाल लागेपर्यंत रविवारी दोघींनीही पाय धुण्याच्या पाण्याला हात लावायचा नाही, असं ठरलं.

घरी येताना लिएंडर वाटेत थांबले. "जाऊ नकोस. तिचं डोकं ठिकाणावर नाही."

"मंडळीपुढे शब्द दिलाय."

"मग मी येतो बरोबर."

"तुम्ही आलात तर ती दार उघडणार नाही."

त्या दिवशी ते बराच वेळ गोठ्यात होते. भांडणाचं ते कातडं तिथंच आढ्याला टांगलेलं होतं. वर्षभरात त्यांनी ते एकदाही खाली काढलं नव्हतं.

रोज चूल पेटवण्याआधी मी गुडघे टेकते आणि त्या दिवसापुरतं वचन देते, की खोटं बोलणार नाही आणि जो समोर नाही त्याच्याविषयी वाईट बोलणार नाही. आयुष्यभराचं वचन द्यायला मी धजत नाही, म्हणून रोज नव्यानं देते. ओर्लीनाकडे जायच्या सकाळी ते दिलं, चरबीचं ओझं पाठीवर घेतलं आणि ओढा ओलांडला.

ओर्लीना पायरीवर बसली होती. तिनं उठून "या" म्हटलं नाही. तिच्या दोन्ही लहान मुली तिच्या आईकडे खालच्या सपाटीवर पाठवलेल्या होत्या. ओर्लीना मूळची तिथलीच. तिच्या माहेरी शेत आणि गिरणी. शिकार तिनं लग्नानंतरच पाहिली.

"लाकूड तिथं रचलंय," ती म्हणाली. "हंडा तो. आणखी काय लागतं महाराणींना?"

"राख दे थोडी. आणि पाणी."

"आधीच राख? चरबी सोडून हंड्याशी काय करताय?"

"या हंड्यात काय काय शिजवतेस?"

"हंड्यात शिजवतात तेच. डुक्कर कापलं की त्याचं. थंडीत खारवलेलं मांस उकळते. का? तुमच्या हंड्याला सोवळं असतं?"

मी हसले. तिला ते आवडलं नाही. राखेनं हंडा घासला, पाणी उकळून ओतलं, पुन्हा घासला. दुसरं पाणी उकळल्यावर ते बोटानं चाखलं. ओर्लीना पायरीवरून उठून जवळ आली होती.

"पाणी चाखताय?"

"मीठ राहिलंय का बघते."

"मिठानं काय होतं? आम्ही तर चरबीला मीठ लावूनच ठेवतो, नाहीतर ती उतरते."

"खायच्या चरबीचं काही बिघडत नाही. बंदुकीच्या तेलात मात्र कणभर चालत नाही. मीठ लोखंड खातं."

ती हंड्याच्या तळाकडे बघत राहिली. मला वाटलं, टोमणा शोधते आहे.

मी चरबीच्या पट्ट्या फळीवर घेतल्या. सुरी लावण्याआधी जरा थांबावं लागलं. या जनावरानं काय केलं होतं ते दोघींनाही ठाऊक होतं. तरी चरबी पांढरीशुभ्र होती, चेस्टनटची फळं खाऊन झालेली, बोटांत लोण्यासारखी. तिला हॅम्पचं काही ठाऊक नव्हतं. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि कापू लागले. मांसाचा लाल धागा दिसला की खरवडून टाकायचा. रक्त राहिलं तर तेलाला वास लागतो. तुकडे नखाएवढे केले. हंड्यात तळ झाकेल एवढंच पाणी घातलं, त्यावर चरबी, आणि खाली बारीक आच.

"एवढ्या आचेवर दिवस जाईल," ओर्लीना म्हणाली.

"जाऊ दे. घाई केली की करपतं. करपलेलं तेल चिकट होतं."

"सासूबाईंनी मला कधी शिकवलं नाही."

"तू विचारलं नाहीस गं."

"विचारायला गेले होते. लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. म्हणाल्या, मोठी आहे ना, एका घराला एक पुरे." ती लाकूड सरकवत राहिली. "तुम्ही तेव्हा तिथंच होतात. काही बोलला नाहीत."

मला ते आठवत नव्हतं. पण सासूबाई असं म्हणाल्या असतील, यात शंका नव्हती. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्हाला कशाला आठवेल!"

चरबी विरघळू लागली. पाणी उडून जाईपर्यंत हंडा तडतडतो, मग आवाज बारीक होत जातो. तो ऐकण्यासाठी मी वाकले होते. ओर्लीना हंड्याच्या पलीकडे उभी होती, हात पदराखाली घेतल्यासारखे एप्रनमध्ये गुंडाळून.

"किती लागतं?" तिनं विचारलं.

"काय?"

"मीठ. लोखंड खायला."

"बोटाच्या टोकावर राहील तेवढंही पुष्कळ झालं. आज दिसत नाही, आतल्या आत धरतं."

तिनं हात एप्रनमधून सोडवले आणि म्हणाली, "आणि खारवलेलं मांस परतल्यावर तव्यात उरते ती चरबी? ती गाळून घेतली तर? अगदी स्वच्छ गाळून?"

मी वर पाहिलं. तिचा चेहरा पाहिला आणि मला सगळं कळलं. तिला ते माझ्या आधी कळलं होतं. हातातली पळी थांबवता येत नव्हती, थांबवली तर तळ धरला असता. म्हणून मी ढवळत राहिले आणि तिच्याकडे बघत राहिले.

"गाळल्यानं मीठ जात नाही," मी म्हणाले.

ती घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात हॅम्पची बंदूक होती. अपघातानंतर लोकांनी ती खुंटीवर जशीच्या तशी ठेवली होती. तिनं ती माझ्यापुढे फळीवर ठेवली, त्याच चरबीच्या फळीवर.

"कळ उघडा."

"नको, ओर्लीना."

"उघडा म्हणते ना!"

मी पळी तिच्या हाती दिली. सुरीच्या टोकानं स्क्रू सोडवले आणि पट्टी बाजूला काढली. आत स्प्रिंगवर आणि दातऱ्यांवर तपकिरी गंज चढला होता, आणि त्यावर मेणासारखा पिवळट थर. मी तो नखानं काढून नाकाशी धरला. माझ्या तेलाला वास नसतो. याला धुराड्यात लटकवलेल्या मांसाचा वास होता.

"हे तुमच्या तेलानं झालंय?" तिनं विचारलं.

सकाळी दिलेलं वचन आठवलं नाही असं नाही. पण त्याआधी, खरं सांगते, छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. माझी निवळ निवळच होती. क्षणभर मला तेवढंच दिसलं.

"नाही," मी म्हणाले.

ती ढवळत होती. डोळे हंड्यावर. "उन्हाळ्यात शिंग रिकामं झालं. यांना म्हटलं, जा ओढ्यापलीकडे, भरून आणा. तर म्हणाले, त्या दारात पाय ठेवणार नाही, कोरडी बंदूक चालवीन. मला वाटलं, कशाला हट्ट! तव्यातली चरबी गाळली आणि गुपचूप शिंगात भरली. चरबी ती चरबी. कळीत थिजलं ते आधीचं तुमचंच, असं धरून बसले. एकदा म्हणाले, तेलाला धुराचा वास येतो गं. मी म्हटलं, शिंग चुलीवर टांगलंय, येणारच." तिचा हात थांबला. "ते हसले. म्हणाले, मग अस्वलाला वाटेल जेवायलाच बोलावलंय."

"ढवळ," मी म्हणाले. "तळ धरेल."

ती ढवळू लागली. रडली नाही. मी तिच्या जवळ जाऊन उभी राहिले, पळीवर हात ठेवला, आणि आम्ही दोघी मिळून ढवळत राहिलो. तुकडे तळून सोनेरी झाले, तरंगायला लागले. मी कापड धरलं, तिनं ओतलं. लोणी कढवल्यावर राहते तशी बेरी कापडात राहिली. एरवी ती आम्ही मीठ लावून मक्याच्या भाकरीबरोबर खातो. त्या दिवशी ओर्लीनानं ती नेऊन जमिनीत पुरली.

तेल मडक्यात थंड व्हायला ठेवल्यावर ती म्हणाली, "मंडळीत सांगणार ना?"

"तू काय म्हणतेस?"

"मी काय म्हणणार! तुमचं नाव मी सगळ्यांसमोर काळं केलं. तुम्ही सांगाल तर तुमचा हक्क आहे." तिनं मडक्यावर फडकं टाकलं. "माझ्या मुली आहेत, ताई. मोठ्या होतील. कोणीतरी सांगेल त्यांना, तुमच्या बापाची बंदूक तुमच्या आईनं बंद पाडली."

तिनं मला ताई म्हटलं होतं. लग्न होऊन आल्यापासून मी "जाऊबाई" होते, कधी "महाराणी".

"मी खोटं बोलणार नाही," मी म्हणाले. "तेल वाईट होतं असं मी म्हणू शकत नाही. पण जे मला तुझ्या अंगणात कळलं ते माझं नाही, तुझं आहे. मी ते उचलून नेणार नाही."

"आणि विचारलं तर?"

मडक्यातली निवळ बसली की मी ती माझ्या भांड्यात घेऊन जाईन, एवढंच बोलून मी निघाले.

घरी लिएंडरनी विचारलं, "काय झालं?"

"तेल चांगलं निघालं."

"मी ते विचारत नाही."

"ठाऊक आहे." त्यांच्याशी मी आजवर काही लपवलं नव्हतं. पण एक सांगणं भाग होतं, आणि ते खरंही होतं. "भाऊजींचं शिंग उन्हाळ्यातच रिकामं झालं होतं. आपल्या दारात यायचं नाही म्हणून त्यांनी ते भरून नेलं नाही."

ते बसलेले होते, बसूनच राहिले. दुसऱ्या दिवशी मला गोठ्यात आढं रिकामं दिसलं. ते कातडं त्यांनी ओर्लीनाच्या कठड्यावर नेऊन टाकलं होतं, दार न ठोठावता.

रविवारी प्रार्थनाघराच्या मधोमध पाण्याची घमेली आणि लांब टॉवेल मांडून ठेवले होते. रूबेनभाऊंनी आम्हा दोघींना पुढे बोलावलं.

"ओर्लीनाबहीण, तुमच्या समोर तेल कढवलं?"

"कढवलं. मी बघितलं सगळं."

"मग?"

"माझं समाधान झालं. माझी तक्रार मी परत घेते."

बाकांवर कुजबूज झाली. वॉशकाकांनी कानामागे हात धरला. "समाधान कशानं झालं? तेलात खोट होती की नव्हती? आमचीही शिंगं तिथूनच भरतात बाबा!"

काही पुरुष हसले, पण सगळे माझ्याकडे पाहत होते. ओर्लीनाचे ओठ पांढरे पडले होते. रूबेनभाऊ म्हणाले, "प्रश्न योग्य आहे. डोशियाबहीण, तेलात खोट होती का?"

नाही म्हणणं सोपं होतं, आणि खरं होतं. पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न लगेच येणार होता, मग कशात होती? आणि तो ओर्लीनाला विचारला जाणार होता.

"भाऊ," मी म्हणाले, "हा प्रश्न ओर्लीनाबहिणीनं विचारला होता, आणि तिला उत्तर मिळालं आहे. मी दुसऱ्यांदा देणार नाही."

"दिलं नाही तर लोक आपापलं उत्तर लावतील, बहीण."

"लावू द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ओर्लीनाकडे, मग घमेल्यांकडे. "दोघींत शांती आहे?"

"आहे," आम्ही दोघी म्हणालो. ते खरं होतं.

लोकांनी उत्तर लावलं. ते मला मागच्या बाकावरून तेव्हाच ऐकू आलं. व्हेस्टानं शेजारणीला सांगितलं की डोशियाला आत टोचत असणार, म्हणूनच तोंड उघडत नाही, आणि ओर्लीना मोठ्या मनाची म्हणून माफ केलं. भजन सुरू झालं. ओर्लीनानं कमरेला टॉवेल बांधला, माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि माझे पाय पाण्यात घेतले. पाणी झऱ्याचं, गार होतं. तिनं तळवे धुतले, घोटे धुतले, पुसले, आणि उठायला हवं होतं तरी उठली नाही. टाचांच्या भेगांवर अंगठा फिरवत राहिली. मग मी तिचे धुतले. तिच्या बोटांच्या पेरांत अजून हंड्याची काजळी होती.

प्रार्थनाघराबाहेर झाडाखाली मी दर वर्षी या दिवशी तेल घेऊन बसते. पुरुष शिंगं घेऊन येतात, रांग लागते. त्या वर्षी माझं मडकं उघडं राहिलं आणि रांग लागली नाही. लोक घोडे सोडत होते, हवेविषयी बोलत होते. वॉशकाका शिंग हातात घेऊन उभे होते आणि व्हेस्टाच्या नवऱ्याकडे बघत होते. तो बूट झटकत होता. लिएंडर माझ्याकडे यायला निघाले. मी मानेनंच नको म्हटलं. नवऱ्यानं बायकोच्या हातचं तेल घेतलं म्हणून कोणाचं मत बदलत नसतं.

प्रार्थनाघराच्या पायऱ्यांवरून ओर्लीना उतरली. तिच्या एका हातात हॅम्पची बंदूक होती, कळ नीट बसवून पट्टी घासलेली. दुसऱ्या हातात त्याचं शिंग. ती सगळ्यांच्या मधून सरळ चालत आली आणि माझ्यापुढे उभी राहिली.

"डोशियाताई," ती म्हणाली, आणि आवाज वॉशकाकांनाही ऐकू जाईल एवढा होता, "हॅम्पच्या बंदुकीला तेल हवंय. ही भाऊजींकडे जाईल आता, मुली मोठ्या होईपर्यंत. पण पहिलं तेल मी घालणार, तुमच्या हातचं."

घोड्यांजवळचं बोलणं थांबलं. ज्या तेलावर विधवेनं नवऱ्याचं मरण ठेवलं होतं, तेच तेल ती त्याच्याच बंदुकीसाठी मागत होती. आमच्या खोऱ्यात याचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. वॉशकाका मात्र बोललेच, "म्हणजे तेल चांगलं होतं! मग आठवडाभर काय चाललं होतं?" पण ते रांगेत येऊन उभे राहिले, आणि त्यांच्यामागे व्हेस्टाचा नवरा.

मी शिंग घ्यायला हात पुढे केला. ओर्लीनानं ते लगेच दिलं नाही. बोट आत घालून कडेवरून फिरवलं, ते बोट जिभेवर ठेवलं आणि क्षणभर थांबली.

"राखेनं धुतलंय," ती हळूच म्हणाली. "काही राहिलं नाही."

मग शिंग माझ्या हातात दिलं, आणि मी मडकं तिरकं केलं.